मूकपट आणि मौनपट

चित्रपटात आवाज नसण्याची दोन कारणे संभवतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवली नाहीत, तर अशा चित्रपटासोबत संगीत वाजवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला (1913) किंवा ‘कालिया मर्दन’ला (1919) आवाज नव्हता, कारण तो पट्टीवर मुद्रित करण्याची सोय नव्हती, त्यामुळे तंबूत आणि थिएटरात तबला-पेटी वाजे, मधल्या पाट्यांवरचा मजकूर वाचता येणारे न वाचता येणाऱ्यांना वाचून दाखवीत, आणि खेळ असा कधी निःशब्द होतच नसे. याउलट अर्धशतकानंतर, ध्वनिमुद्रण सहजसाध्य झाले असताना, काही चित्रकारांनी आवाज मुद्दाम वगळून पट केले. पहिल्या प्रकारासाठी मूकपट हा शब्द रूढ आहे. दुसऱ्याला मौनपट म्हणणे अधिक नेमके ठरेल, कारण मुकेपण लादलेले असते, तर मौन पत्करलेले असते.

महाराष्ट्रातील मौनपटाचे ठळक उदाहरण म्हणजे चित्रकार अकबर पदमसी यांचा ‘सिझिजी’. जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या आधाराने पदमसी यांनी 1969 मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, चित्रपटकार आणि इतर विषयांतील माणसांनी एकमेकांची साधने हाताळून पाहावीत, असा त्यामागचा हेतू होता, आणि नलिनी मालानी यांनी आपले आरंभीचे पट तेथेच केले. सिझिजी म्हणजे तीन खगोल एका सरळ रेषेत येणे, जे अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या बाबतीत घडते. सुमारे 1000 रेखाटने एकामागून एक कॅमेऱ्याखाली ठेवून टिपलेल्या या 11 मिनिटांच्या पटात कथा नाही, पात्र नाही. बिंदू, रेषा आणि त्यांची जाळी एवढेच आहे. पदमसी यांच्या दुसऱ्या पटाला, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ला, गीता साराभाई यांचे संगीत होते; त्याची प्रत हरवली, आणि 2016 मध्ये अशीम अहलुवालिया यांनी पदमसी यांच्यासह त्याचा पुन्हा शोध घेतला. म्हणजे संगीत हाताशी असतानाही ‘सिझिजी’ला ते दिले गेले नाही, आणि त्यासोबत वाजवू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी.

वादकाची अडचण थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. 16 मिलिमीटरच्या पट्टीच्या प्रत्येक फुटात 40 चौकटी, म्हणजे सुटी स्थिरचित्रे, असतात. सेकंदाला 24 चौकटी हा वेग धरल्यास 11 मिनिटांना 15,840 चौकटी आणि जवळजवळ 400 फुटांचे एक रीळ लागते. 1000 रेखाटनांत या चौकटी वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळ सरासरीने सोळा चौकटी, म्हणजे सेकंदाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो, आणि मिनिटाला नव्वदीच्या आसपास बदल होतात. ही जवळजवळ मध्यलयच झाली! तालाचा संस्कार असलेला हात अशा वेळी प्रत्येक बदलावर ठोका द्यायला आपोआप पुढे होतो, आणि तसे झाले की रेषा ठोक्यांची चाकर बनते. ज्या रेषेने स्वतःची लय डोळ्यांपुढे उभी करायची, तिची लय कानाने आधीच सांगून टाकलेली असते. शिवाय प्रोजेक्टरचा वेग मूकपटांसाठी असलेल्या 18 चौकटींवर राहिला, तर तोच पट 14 मिनिटे 40 सेकंद चालतो, आणि आधी बसवलेले संगीत उघडे पडते. म्हणूनच येथे वादकाने घड्याळाकडे न पाहता पडद्याकडे पाहून वाजवावे लागते.

चित्र आणि जिवंत आवाज यांना एकत्र आणण्याची कला मराठी मुलखाला परकी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. शंबर या मायावी असुराच्या नावावरून शांबरिक आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या झोताने पडद्यावर पाडायची, अनेक दिव्यांच्या मेळाने ती हलल्याचा भास करायचा आणि सोबत निवेदन व गायन ठेवायचे, असा तो खेळ होता. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तर चित्रांची पोथी उघडून एकेक पान पुढे करतात आणि कथा गातात. या दोन्ही ठिकाणी पान किंवा काच केव्हा बदलायची, हे खेळ करणाऱ्यांच्या हाती असते. ‘सिझिजी’त ते यंत्राच्या हाती गेले आहे, आणि सगळा पेच तेथूनच निर्माण होतो.

असा खेळ, समजा, कोकणातल्या महाड-पोलादपूरच्या बाजूला लावायचा, तर सुरुवात तेथील कानांपासून करावी लागेल. पावसाळ्यात पत्र्याखाली स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे महिने खरे. या भागाचे वाद्य म्हणजे खालुबाजा: सनई, ढोल आणि टिमकी. लग्नाची वरात, ग्रामदैवताची पालखी किंवा महाडच्या वीरेश्वराचा छबिना यांत तो उघड्यावर वाजतो आणि दूरवर पोचतो. बंद सभागृहात तो तसाच वाजला, तर पडदा झाकोळून जाईल. तरीही त्यातील सनई या कामाला फार योग्य आहे, कारण फुंक न तोडता एकच सूर लांबवण्याची विद्या सनईवाल्याला अवगत असते आणि लांबलेला सूर रेषेला ठोक्याने तोडत नाही. ढोलाला मात्र येथे बराच वेळ गप्प बसावे लागेल.

ढोलाची जागा दुसरीकडे आहे. कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर यांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. त्याचा नायक तानाजी मालुसरे. त्यांची समाधी पोलादपूर तालुक्यातील उमरठला आहे. पट आज उपलब्ध नाही, पण त्याच्याबद्दल येथे बोलणे सुरू केले, तर कोणत्या क्षणी ढोल लागला पाहिजे, हे या तालुक्यातील माणसांना कुणी समजावून द्यावे लागणार नाही. हा पट हरवला याचे दुःखही येथेच सर्वांत खोल जाणवेल.

अशा खेळात प्रेक्षकांशी संभाषणाची जागा ठरवणे हे सर्वांत नाजूक काम आहे. ‘सिझिजी’ अकराच मिनिटांचा असल्याने तो दोनदा दाखवता येतो, आणि तसाच दाखवावा: आधी मौनात, जेव्हा यंत्राची घरघर आणि खोकला एवढेच ऐकू येते, मग दिवे मंद ठेवून बोलणे, आणि त्यानंतर सनईसह. बोलण्याचा आरंभ ‘याचा अर्थ काय’ या प्रश्नाने केला की माणसे गप्प होतात. ‘प्रथम काय दिसले’ असे विचारावे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला बिंदूंमधून रेषा कशी जाते आणि एक ठिपका चुकला तर सगळी आकृती कशी फिरते, हे बोटांनी ठाऊक असते, आणि पडद्यावरच्या जाळीविषयी तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. सनईवाल्याने हे बोलणे ऐकत बसावे. दुसऱ्या खेपेस सूर कोठे धरायचा आणि कोठे सोडायचा, हे त्याने तोवर ठरवलेले नसावे. तेवढ्या वेळात रीळ उलटे गुंडाळून होते.