दोरीच्या आतलं सोयाबीन

ऑक्टोबरात वाशीम जिल्ह्यातल्या केनवड शिवारात सोयाबीन वाळून खडखड वाजायला लागतं, तेव्हा एखाद्या धुऱ्यावर चार-पाच माणसांचा घोळका दिसतो. कुणाच्या हातात मोजमापाची फीत, कुणाकडे खुंट्या, कुणाकडे दोरी. कोणत्या गटात जायचं हे आकड्यांच्या तक्त्यावरून आधीच ठरलेलं असतं. शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलं लांबीत आणि किती रुंदीत जायचं, तेही तसंच ठरतं. शेतकऱ्यानं पुढे होऊन चांगला तुकडा दाखवला तरी उपयोग नाही, वाईट दाखवला तरी नाही. खुंट्या ठोकून दहा बाय पाच मीटरचा चौकोन आखला जातो आणि दोरी ताणली जाते. ज्या झाडाचं खोड दोरीच्या आत, ते आपलं. बाहेरून आत झुकलेल्या फांद्या सोडून द्यायच्या. मग कापणी, ताडपत्रीवर मळणी, उफणणी आणि वजन.

हा चौकोन हेक्टराचा दोनशेवा भाग असतो. म्हणजे काट्यावर एका किलोचा फरक पडला, की हेक्टरी दोन क्विंटलचा फरक झाला. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. महसूल मंडळातल्या अशा ठरावीक प्रयोगांच्या सरासरीवर पीकविम्याची भरपाई बऱ्याच अंशी ठरते.

या दोरीचं एक टोक पुण्यात आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत उमेदीची वर्षं घालवलेल्या विनायक महादेव दांडेकरांनी १९७६ साली पीकविम्यावर एक लेख लिहिला. भारतासारख्या देशात एकेका शेतकऱ्याचा विमा एकेकट्यानं उतरवता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. विमा क्षेत्राचा काढावा. क्षेत्र मात्र एकजिनसी हवं, म्हणजे तिथली जमीन, पाऊस आणि पीक साधारण सारखं असावं. त्या क्षेत्राचं सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखाली गेलं, की तिथल्या सगळ्या विमाधारकांना सारख्याच प्रमाणात भरपाई.

त्या वेळी विम्याचा एक प्रयोग फसत चालला होता. १९७२ पासून गुजरातेत एच-४ कापसाचा विमा शेतकरीनिहाय सुरू झाला आणि पुढे काही राज्यांत गेला. १९७८ पर्यंत जेमतेम ३,११० शेतकरी त्यात आले. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई गेली ३७.८८ लाख. प्रत्येक शेतावर जाऊन कुणाचं किती गेलं हे ठरवणं खर्चाचं काम, शिवाय खरं-खोटं करायला वाव. दांडेकर मुळात संख्याशास्त्राचे माणूस. त्यांनी पंचनाम्याच्या जागी नमुना पाहणी आणून ठेवली. १९७९ मध्ये याच पद्धतीनं पथदर्शी योजना निघाली, १९८५ मध्ये ती देशभर गेली, आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेचा कणाही तोच राहिला.

गंमत अशी, की पीक कापणीचं शास्त्र पक्कं करणारे पां. वा. सुखात्मे हे दांडेकरांचे पुढे मोठे प्रतिवादी झाले. दोघंही सातारा जिल्ह्यातले. सुखात्मे खटाव तालुक्यातल्या बुधचे, दांडेकर साताऱ्याचे. सुखात्म्यांनी व्ही. जी. पानसे यांच्यासह १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुन्यानं उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवली, मग रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं काम केलं आणि निवृत्तीनंतर पुण्यात आले.

वाद भुकेचा होता. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांनी दारिद्र्यरेषा धरली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं तिच्याखाली निघाली. सुखात्मे म्हणाले, शरीराची गरज माणसागणिक, दिवसागणिक बदलते, कमी खाण्याशी शरीर काही प्रमाणात जुळवूनही घेतं. सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? दांडेकरांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला लेखांतून उत्तरं दिली, आणि ती गुळमुळीत नव्हती. संशोधकाला आठवायचं तर त्याच्या अशा भांडणांसकट आठवावं. नुसता हार घातलेला फोटो काही सांगत नाही.

‘दांडेकर-रथ’ हे अर्थशास्त्राच्या वर्गात एकाच माणसाचं नाव असल्यासारखं उच्चारलं जातं. त्यातले रथ मूळचे ओडिशाचे, पुण्यात येऊन पुण्याचेच झालेले. दांडेकरांची महत्त्वाची कामं बरीचशी अशी जोडीनंच झाली. कूळकायद्याची पाहणी खुदानपूर यांच्याबरोबर, ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ जगताप यांच्याबरोबर. धोरणाच्या संशोधनात एकट्यानं बसून फार काही होत नाही. एक जण आकडा काढतो, दुसरा तो पुन्हा मोजून बघतो.

रथ नुसते जोडीदार नव्हते. १९८५ मध्ये त्यांनी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा हिशेब मांडला. गरिबाला कर्जानं म्हैस दिली की गरिबी हटते, ही त्या काळची सरकारी समजूत. सात वर्षांअखेर या मार्गानं ग्रामीण गरिबांतली फार तर तीन टक्के कुटुंबं रेषेच्या वर जातील, असं गणित त्यांनी दाखवलं आणि मोठी चर्चा पेटली. मागेल त्याला काम, या १९७१ च्या अभ्यासातल्या आग्रहापासून रथ हलले नाहीत. जुलै १९९५ मध्ये दांडेकर गेले. त्यांनी उभ्या केलेल्या ‘इंडियन स्कूल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी’ची धुरा नंतर रथ यांनी वाहिली.

केनवडला दांडेकरांची आणखी एक ओळख आहे, नाव ठाऊक नसलं तरी. ‘अनुशेष’ हा शब्द वऱ्हाडातल्या प्रत्येक सभेत येतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना प्रादेशिक असमतोल तपासायला दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे, हा अनुशेष तिनं रुपयांत मांडला: एकूण ३,१८६ कोटी. तेव्हा केनवड अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. राज्याची सरासरी हीच फूटपट्टी का, यावर विदर्भात आजही नाराजी आहे. पण मागासलेपणाचा आकडा हाती आल्यामुळेच अनुशेष मागता आला, हेही खरं.

पीकविम्यातही सरासरीचंच दुखणं आहे. समजा, मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल. तिचे ७० टक्के म्हणजे साडेदहा क्विंटल हा उंबरठा. यंदा प्रयोगांतून सात क्विंटल आले, तर विमा रकमेच्या एक तृतीयांश भरपाई. साडेदहाच आले, तर शून्य. आता एका मंडळात नाल्याकाठची काळी जमीन असते आणि वरच्या अंगाला मुरमाड बरडही. नाला फुटून एकट्याचंच रान खरडून गेलं, तर सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही. एकजिनसी क्षेत्राची दांडेकरांची अट महसुली नकाशावर बसवताना सैल झाली. दोष कल्पनेचा कमी आणि मंडळाच्या हद्दीचा जास्त, असं म्हणायला जागा आहे. ज्याचं गेलं त्याला मात्र हा फरक सांगून भागत नाही.

तिकडे शेतात वजन होतं. काटा स्थिरावेपर्यंत कुणी बोलत नाही. आकडा प्रपत्रावर चढतो, सह्या होतात, दोरी गुंडाळली जाते. शेजारच्या धुऱ्यावरून एक जण हाळी देतो. त्याचं शेत चौकोनात नव्हतं, पण विमा याच आकड्यावर आहे.

“किती भरलं रे भाऊ?”