शौकाची गाडी: जोर, पैसा आणि रोजचा वापर

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातले "म्हणजे" आणि "काय ते" काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मी जळकोटचा. लातूरकडचं जळकोट नाही हां! आमचं तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढं, सोलापूर–हैदराबाद हायवेवरचं. तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न कायम असतो: "दादा, पळणारी गाडी पाहिजे, पैसे कमी आहेत, आणि घरचेही बसले पाहिजेत. कोणती घेऊ?" आज मी गाडीचं नाव सांगत बसणार नाही. मी माझी गाडी कशी निवडली आणि कुठं चुकता चुकता राहिलो, ते सांगतो.

पहिलं प्रेम

माझ्या डोक्यात एकच गाडी होती, अबार्थ पुंटो. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली. 2015 च्या ऑक्टोबरात आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत 9.95 लाख. 1.4 लिटरचं टर्बो इंजिन, 145 बीएचपी, 212 न्यूटन मीटर टॉर्क. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनची पोलो जीटीआय आली, 192 पीएसची. पण तिची किंमत 25.99 लाख, दारं तीनच, आणि देशासाठी गाड्या फक्त 99. मग अबार्थ स्वस्तच वाटणार ना!

मला एक सेकंड हँड अबार्थ सापडली, बजेटात बसणारी. एक फेरी मारली आणि रात्री झोप नाही. पैसे माझेच होते, पण सहा वर्षं साठवलेले. आणि घरात गाडी एकच असणार होती. सगळी गोम इथंच होती.

अण्णांनी एवढंच विचारलं, "पळती किती ते नको सांगू. बंद पडली तर बघणार कोण, ते सांग."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग वही काढली आणि तीन रकाने आखले.

रकाना पहिला: जोर

आपण सगळे शून्य ते शंभर किती सेकंदात, हेच विचारतो. पण आपण शून्यापासून शंभर कधी करतो? हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलं की गाळपाच्या हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागं अडकतो. तिथं 40 वरून 80 ला गाडी किती पटकन जाते, ते महत्त्वाचं.

इथं बीएचपीपेक्षा टॉर्क बघा, आणि तो किती आरपीएमला मिळतो तेही बघा. साध्या 1.2 लिटर स्विफ्टला (2018 चं मॉडेल) 113 न्यूटन मीटर मिळतो, तोही 4,200 आरपीएमला. म्हणजे गिअर खाली घ्या, इंजिन ओरडू द्या, मग गाडी निघणार. टर्बो इंजिन हवा दाबून आत भरतं, त्यामुळं जोर लवकर येतो. बलेनो आरएसला 1 लिटरच्याच इंजिनातून 150 न्यूटन मीटर मिळतो, 1,700 आरपीएमपासून.

वजनही बघा. बलेनो आरएस 950 किलोची आणि 102 पीएसची. अबार्थचा आकडा मोठा, पण ती जवळपास 1.2 टनाची. टनामागं ताकद काढली तर अबार्थ पुढंच आहे, पण कागदावर वाटतं तेवढी नाही.

रकाना दुसरा: पैसा

किंमत म्हणजे शोरूमचा आकडा नव्हे. पाच वर्षांत खिशातून किती जाणार, तो आकडा.

नवी पेट्रोल गाडी वैयक्तिक नावावर घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12 टक्के. थर्ड पार्टी इन्शुरन्स सीसीवर ठरतो. जून 2022 च्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416. शिवाय गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत असेल तरच कमी जीएसटी लागतो. सप्टेंबर 2025 पासून हा फरक 18 टक्के आणि 40 टक्के असा आहे. म्हणून तर आपल्याकडं छोट्या पळणाऱ्या गाड्यांत 1 लिटर टर्बो दिसतात. अबार्थ चार मीटरच्या आतच होती, पण इंजिन 1368 सीसीचं.

रकाना तिसरा: रोजचा वापर

हा रकाना मी शेवटी ठेवला होता. खरं तर तो पहिला पाहिजे होता.

अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स 155 मिलिमीटर, बलेनो आरएसचा 170. दीड सेंटीमीटरनं काय होतंय? आमच्या गल्लीतला स्पीड ब्रेकर बघितला की कळेल. वर गाडीत पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं असतंय.

आईचे गुडघे दुखतात. तिला दर पौर्णिमेला तुळजापूरला न्यायचं असतं. म्हणून प्रत्येक गाडीत तिला मागं बसवलं आणि उतरवलं. ही टेस्ट ड्राइव्ह कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसते.

आणि अण्णांचा प्रश्न. फियाटच्या गाड्यांची विक्री 2019 मध्ये भारतात थांबली. सोलापूरच्या एका मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "पार्ट मिळंल, पण पुण्याहून मागवावा लागंल. किती दिवस ते नाही सांगत." गाडी घरात दुसरी असती तर मी थांबलो असतो. रात्री अण्णांना दवाखान्यात न्यायचं असेल तर थांबता येत नाही.

आता गंमत बघा. बलेनो आरएससुद्धा 2020 ला बंद झाली. पण तेच 1 लिटर टर्बो इंजिन 2023 ला फ्रॉन्क्समध्ये परत आलं. म्हणजे त्या इंजिनावर हात बसलेली माणसं सर्व्हिस सेंटरला सापडतात. बंद झालेली गाडी घेताना तिचं इंजिन आज दुसऱ्या कुठल्या गाडीत चालू आहे का, हे नक्की बघा.

मग काय घेतलं?

बलेनो आरएस घेतली, सेकंड हँड. मनातली पहिली नव्हती, खोटं कशाला बोलू? अबार्थच्या जड स्टिअरिंगची मजा हिच्यात नाही. पण ही रोज निघते आणि ट्रॉलीला सहज मागं टाकते.

माझा हिशोब एवढाच: घरात गाडी एकच असेल तर आधी वापरात नापास होणाऱ्या गाड्या खोडा. उरलेल्यांत पाच वर्षांचा खर्च झेपतोय त्या ठेवा. त्यांतली जी सगळ्यात जास्त हसवते, ती घ्या. घरात दुसरी गाडी असेल तर खुशाल उलटं करा, मन म्हणेल ती घ्या.

तुमच्या वहीतले तीन रकाने मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाचू. आणि गाडी बघायला जाताना आईला घेऊन जा. भेटू!