डेल्फ बी२ची तोंडी: त्या 30 मिनिटांत काय कराल?

फ्रेंचची डेल्फ बी२ परीक्षा देताय? मग आधी तोंडीचं स्वरूप बघून घ्या. दोन चिठ्ठ्या उचलायच्या, एक विषय निवडायचा. तयारीला 30 मिनिटं, परीक्षकांसमोर साधारण 20. त्यात 5 ते 7 मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं, मग वादविवाद.

बहुतेक जण त्या अर्ध्या तासात अख्खा निबंध लिहून काढतात. नको! नुसते मुद्दे टिपा. समजा, चिठ्ठीवरचा उतारा शाळेतल्या मोबाइलबंदीवर आहे. सारांश सांगत बसू नका. त्यातून एक प्रश्न काढा: बंदीने अभ्यासात लक्ष लागतं, की मुलं फोन लपवायला शिकतात? मग आपली बाजू ठामपणे मांडा. 'दाबोर' (आधी), 'आँस्वीत' (मग), 'स्पाँदाँ' (तरीही) हे शब्द जिभेवर हवेत, पण दर वाक्यात पेरू नका.

खरी मजा वादात. परीक्षक मुद्दाम उलट बोलतात, रागावलेले नसतात! त्यांना 'वू'च (आदराचं 'तुम्ही') म्हणायचं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, फ्रेंचमध्येच. तोंडीला गुण 25, पाचाच्या खाली गेलात तर बाकी पेपर कितीही चांगले जावोत, नापास.

सरावासाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओची एखादी बातमी घ्या, घड्याळ लावा आणि स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका.