शिकारी घोडा : उत्तेजनशील घोड्याची शिकारक्षेत्राशी ओळख

हाउंड जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या समूहामागे स्वारांनी दौडत जाण्याच्या खेळात जो घोडा वापरतात, त्यास शिकारी घोडा म्हणतात. हे नाव जातिवाचक नसून कामावरून पडलेले आहे. इंग्लंड व आयर्लंड या देशांत हा खेळ विशेष रुजला. तेथील शिकारी घोडे बहुधा थरोब्रेड जातीचे किंवा थरोब्रेड व आयरिश ड्राफ्ट यांच्या संकरातून झालेले असतात. या खेळाचा उल्लेख मराठीत ‘कोल्ह्याची शिकार’ असा होत असला, तरी त्यातील प्राणी कोल्हा नसून तांबडा खोकड होय. कोल्ह्याची शिकार खऱ्या अर्थाने झाली ती भारतात. ब्रिटिश अमदानीत निलगिरीतील उदकमंडलम येथे खोकडाच्या अभावी कोल्ह्यामागे हाउंड सोडीत असत.

घोडा कितीही वेगवान व उड्या मारण्यात तरबेज असला, तरी शिकारक्षेत्रात तो उपयोगी पडेलच असे नाही. कवायतीच्या मैदानात शांत असणारा घोडा तेथे पहिल्याच दिवशी घामाने निथळतो, लगाम ओढतो, मागच्या पायांवर उभा राहतो किंवा दुगाण्या झाडतो. यास घोड्याचा दुष्टपणा समजणे चूक आहे. घोडा हा कळपाने राहणारा व संकटात पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने कपाळापुढील व शेपटीमागील थोडा भाग सोडल्यास सभोवारचे जवळजवळ सर्व काही त्याला एकाच वेळी दिसते. चाळीस-पन्नास घोडे एकदम धावू लागले, की त्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होतो : कळप पळाला, आपण मागे राहता कामा नये. शर्यतींतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड घोड्याला तर समूहात धावणे म्हणजे पुढे जाणे, हेच लहानपणापासून शिकविलेले असते.

ही उत्तेजना शरीरातही स्पष्ट दिसते. विश्रांतीच्या अवस्थेत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटास सुमारे २८ ते ४४ असतात. केवळ क्षोभाने, एक पाऊलही न धावता, ते शंभरावर जाऊ शकतात. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. ॲड्रेनॅलिनाच्या प्रभावाने प्लीहा आकुंचन पावून हा साठा रक्तात सोडते व रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता एकदम वाढते. थकविले म्हणजे घोडा शांत होईल, हा समज त्यामुळे फसवा ठरतो. क्षुब्ध घोडा थकण्यापूर्वी स्वारच थकतो. शिवाय रोज दमविल्याने घोडा अधिक दमदार होत जातो, हा तोटा वेगळाच.

ग्रीक लेखक झेनोफन याने इ. स. पू. चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात तेजस्वी घोड्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अशा घोड्याला एकाएकी काही करावयास लावू नये आणि इतर घोड्यांशी शर्यत लावू देऊ नये, असा त्याचा सल्ला आहे. शिकारक्षेत्राला तो आजही लागू पडतो.

पूर्वतयारी घरी करावयाची असते. सर्वप्रथम आहार पाहावा. ओट व इतर धान्यांतील पिष्टमय पदार्थांनी पुष्कळ घोडे अधिक तरतरीत व बुजरे होतात, म्हणून धान्य कमी करून वाळलेल्या गवताचे प्रमाण वाढवितात. विश्रांतीच्या दिवशी धान्याची पूर्ण मात्रा देणे तर धोक्याचे आहे. चंचल स्वभावाच्या थरोब्रेडमध्ये, विशेषतः तरुण घोड्यांत, व्यायामानंतर स्नायू आखडून ताठ होण्याचा विकार आढळतो. धान्य भरपूर व हालचाल नाही, अशा दिवसांनंतर तो उद्‌भवण्याची शक्यता वाढते. यासाठी घोड्याला रोज मोकळ्यावर सोडणे आवश्यक असते.

दुसरी गोष्ट लगामाची. ओढणाऱ्या घोड्यासाठी शिकारीच्या सकाळी अधिक कडक कडियाळे चढविण्याचा मोह अनेकांस होतो. तोंडातील वेदनेपासूनही घोडा पळूच पाहतो, हे अशा वेळी विसरले जाते. काही घोड्यांना वेगळे कडियाळे खरोखरच लागते. परंतु त्याचा सराव आधी घरी झालेला असावा. शामक औषध देऊन घोड्यास शिकारीला नेणे हा मात्र उघड अविचार होय. अशा घोड्याची पावले अडखळतात आणि कुंपणावरून उडी घेताना तो पडल्यास स्वाराच्या जिवावर बेतते.

घोड्याला दौडणे शिकवावे लागत नाही. त्याला शिकवावे लागते ते उभे राहणे. शिकारीच्या दिवसाचा बराचसा वेळ हाउंड झुडपी रानात गंध शोधीत असताना बाहेर थांबण्यात जातो आणि उत्तेजनशील घोडा बिघडतो तो याच वेळी. म्हणून प्रथम एका, मग दोन-तीन घोड्यांबरोबर फिरावयास जावे. वाटेत थांबावे, सोबत्यांना दुडक्या चालीने पुढे जाऊ द्यावे आणि आपला घोडा स्वस्थ झाल्यावरच त्यांच्यामागे निघावे. सोबतीला एखादा वयस्क, पुष्कळ हंगाम पाहिलेला घोडा मिळाल्यास फार उपकारक ठरतो. त्याची निर्विकार वृत्ती शंभर सूचनांपेक्षा अधिक काम करते. हंगामापूर्वी हाउंडांना रस्त्याने फिरवून आणतात. व्यवस्थापकाची (मास्टर) परवानगी घेऊन त्या वेळी घोड्याला त्यांच्याबरोबर चालविता येते. पायांखालून कुत्रे जाण्याची सवय त्याला अशा शांत वेळीच लागावी.

मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा असतो. त्याआधीच्या शरद ऋतूतील भल्या पहाटेच्या फेऱ्यांस स्वार थोडे असतात व दौड कमी असते. पहिला परिचय तेव्हाच करून द्यावा. एकत्र जमण्याच्या जागी फार आधी पोहोचून ताटकळू नये. घोडा नवखा असल्यास शेपटीला हिरवी फीत व लाथ मारणारा असल्यास तांबडी फीत बांधण्याची प्रथा आहे. तांबडी फीत बांधल्याने स्वाराची जबाबदारी मात्र संपत नाही. हाउंड जवळ येताच घोड्याचे तोंड त्यांच्याकडे वळवावे, म्हणजे त्याचे मागचे पाय त्यांच्यापासून दूर राहतात. हाउंडास लाथ बसणे हा या क्षेत्रातील अत्यंत गंभीर अपराध मानतात.

क्षुब्ध घोड्यास सर्वांत मागे ठेवावे, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला सरसकट खरा नाही. मागे राहिलेल्या घोड्याला सारा कळप आपल्यापासून दूर जाताना दिसतो व तो अधिकच बेभान होतो. अगदी पुढे ठेवावे, तर स्वारांचे नेतृत्व करणाऱ्या फील्ड मास्टरला ओलांडण्याचा प्रसंग येतो. ते सर्वथा वर्ज्य आहे. गर्दीच्या कडेला, वळावयास मोकळी जागा राहील असे मधले स्थान बहुधा सोयीचे पडते. थांबण्याच्या वेळी घोड्यास बळेच खिळवून न ठेवता मोठ्या वर्तुळात सावकाश चालवीत राहावे. फाटकांजवळ व अरुंद गल्ल्यांत विशेष जपावे लागते, कारण तेथे निसटावयास वाट नसते. तास-दीड तासाने, घोडा तुलनेने शांत असतानाच, घरी परतावे. आणखी एक दौड पाहावी या इच्छेने स्वार रेंगाळतो आणि त्या एका दौडीत सकाळची सारी कमाई गमावतो, हा नेहमीचा अनुभव आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये ‘हंटिंग ॲक्ट, २००४’ हा कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आला व हाउंडांच्या समूहाने खोकडाची शिकार करण्यास बंदी झाली. त्यानंतर कृत्रिम गंधरेषेवर हाउंड नेण्याचे प्रकार तेथे पुढे आले. त्यांच्या निमित्ताने प्रत्यक्षात वन्य पशू मारला जातो की काय, याविषयी तेथे तीव्र वाद झाले. घोड्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने या प्रकारांतील फरक महत्त्वाचे आहेत. ड्रॅग प्रकारात आधी आखलेल्या मार्गावर सलग वेगाने जावयाचे असते, म्हणून उत्तेजनशील घोड्यास आरंभी तो वर्ज्य मानावा. ब्लडहाउंड कुत्र्यांना माणसाच्या अंगच्या गंधावर धावविण्याच्या प्रकारात दोन टप्प्यांच्या मध्ये विश्रांती असते आणि कोठे थांबावयाचे, हे पुष्कळसे आधी ठाऊक असते. नवख्या घोड्याला तो त्यामानाने सोयीचा.

चार-पाच खेपांनंतर घोडा घाम न फुटता उभा राहू लागला, घरी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे वैरण खाल्ली व दुसऱ्या दिवशी तो मोकळा चालला, तर मुक्काम वाढवावयास हरकत नाही. याउलट प्रत्येक खेपेस क्षोभ वाढतच गेला, तर प्रथम पाठ, दात व खोगिराचे बसणे पशुवैद्य आणि जाणकारांकडून तपासून घ्यावे, कारण वेदनाही क्षोभाचे रूप घेते. तेथेही दोष न आढळल्यास त्या घोड्यास हे क्षेत्र मानवत नाही, असे समजून थांबावे. यात घोड्याची वा स्वाराची नामुष्की नाही. एकेकट्याने करावयाच्या अडथळ्यांच्या स्पर्धांत व ड्रेसाज प्रकारात असे घोडे पुष्कळदा उत्तम कामगिरी करतात. मात्र तो विकावयाचा झाल्यास शिकारक्षेत्रातील त्याचे वर्तन खरेदीदारास स्पष्ट सांगणे हे मालकाचे कर्तव्य ठरते.