अविवाहितांचा संयम : धर्माज्ञा आणि अर्थकारण

माल्थसच्या लोकसंख्या सिद्धांतावर प्रश्न आला की पदवी परीक्षेच्या बहुतेक उत्तरपत्रिकांत 'नैतिक संयम' हे दोन शब्द हमखास आढळतात. त्यापुढे 'म्हणजे उशिरा विवाह' एवढाच खुलासा असतो आणि त्याला गुणही मिळतात. वस्तुतः हा खुलासा अर्धाच आहे. माल्थसला अभिप्रेत असलेला नैतिक संयम म्हणजे कुटुंब पोसण्याची ऐपत येईपर्यंत विवाह लांबणीवर टाकणे आणि त्या मधल्या काळात आपले वर्तन संपूर्ण शुद्ध ठेवणे. यातील उत्तरार्ध धर्माचा म्हणून अर्थशास्त्राने गाळला आणि पूर्वार्ध पैशाचा म्हणून धर्मोपदेशकांनी गाळला. परंतु टॉमस रॉबर्ट माल्थस (१७६६-१८३४) हा अर्थशास्त्रज्ञ होण्यापूर्वीच इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित धर्मोपदेशक झालेला होता, आणि त्याच्या मनात हे दोन भाग वेगळे नव्हते. अविवाहित माणसाच्या वासनेविषयी ख्रिस्ती धर्माने काय सांगितले आणि त्या शिकवणुकीचा भार प्रत्यक्षात कोणावर पडला, हे पाहण्यास त्याच्याइतका उपयुक्त साक्षीदार क्वचितच सापडेल.

मूळ शिकवण

ख्रिस्ती धर्म वासनामात्राला पाप समजतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो पुरता खरा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशूने, परस्त्रीकडे कामुक दृष्टीने पाहणारा मनाने व्यभिचार करून चुकलेलाच असतो, अशा आशयाचे वचन सांगितले आहे. या वचनाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पापाचे स्थान कृतीतून हेतूत नेले. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची असून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पाहणाऱ्या पुरुषाची जबाबदारी त्या पुरुषावरच ठेवली. त्या स्त्रीचा वेश कसा होता, ती कोठे निघाली होती, याची तेथे चौकशी नाही. पुढच्या नीतिशास्त्रकारांनी आणखी एक विवेक केला. मनात इच्छा उद्भवणे हे पाप नव्हे. तिला संमती देऊन ती मनात पोसणे हे पाप होय. म्हणजे मनुष्यस्वभाव नाकारलेला नाही, त्याला वळण लावण्याचा आग्रह आहे.

संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात याच प्रश्नाचा व्यावहारिक विचार आढळतो. पौल स्वतः एकटा राहणारा होता आणि तीच अवस्था त्याला अधिक पसंत होती. तथापि ज्यांना संयम साधत नाही त्यांनी विवाह करावा, कारण वासनेने जळत राहण्यापेक्षा ते बरे, असा त्याचा सल्ला आहे. येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ज्याला संयम जड जातो त्याला पौल 'आणखी दहा वर्षे कळ काढ' असे सांगत नाही. त्याने सांगितलेले औषध विवाह हेच आहे, आणि ते औषध रोग्याच्या हाताशी आहे असे त्याने गृहीत धरले आहे. ते हाताशी नसेल तर काय करावे, हा प्रश्न पौलापुढे नव्हता. तो पुढील शतकांनी निर्माण केला, आणि बहुतांशी तो पैशाने निर्माण केला.

याचे पहिले ठळक उदाहरण खुद्द संत ऑगस्टिनच्या आत्मकथनात आहे. विवाहाविना एका स्त्रीबरोबर तो अनेक वर्षे राहिला होता. तिच्यापासून त्याला मुलगाही झाला होता. मिलान शहरात अध्यापक म्हणून त्याचा उत्कर्ष होऊ लागला, तेव्हा प्रतिष्ठेला साजेसा विवाह ठरविण्यात आला. वधू विवाहयोग्य होण्यास अद्याप दोन वर्षे होती. आधीच्या स्त्रीला आफ्रिकेत परत पाठविण्यात आले. पुन्हा अन्य पुरुषाचा संग न करण्याचे व्रत घेऊन ती गेली. ऑगस्टिनला मात्र ती दोन वर्षेही धीर निघाला नाही आणि त्याने दुसरी स्त्री ठेवली. ३८६ मध्ये त्याचे मतपरिवर्तन झाले, नियोजित विवाह त्याने सोडला आणि वासनेविषयीच्या पाश्चात्य ख्रिस्ती विचारावर पुढे त्याची अमीट छाप पडली. आपल्या दुर्बलतेची कबुली त्याने निःसंकोच दिली आहे. पण या कथेत सर्वांत कठोर संयम पाळावा लागला तो त्या निनावी स्त्रीला, आणि तो एका पुरुषाच्या उत्कर्षासाठी, हे वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

प्रतीक्षा करणारा समाज

लोकसंख्येचे अभ्यासक जॉन हायनल यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की लेनिनग्राड ते त्रिएस्त अशी एक रेषा ओढली, तर तिच्या पश्चिमेकडील युरोपात कित्येक शतके विवाह उशिरा होत असत आणि पुष्कळ माणसे जन्मभर अविवाहित राहत. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये प्रथम विवाहाच्या वेळी वधूचे सरासरी वय पंचविशीच्या पुढे असे. सामान्य घरांतील मुलेमुली किशोरवयातच दुसऱ्याच्या शेतावर अथवा घरी वर्षाच्या कराराने नोकरीस राहत, मजुरी साठवीत आणि स्वतंत्र चूल मांडण्याइतकी शिल्लक जमली की लग्न करीत. वयात आल्यापासून दहा-बारा वर्षांचा हा प्रतीक्षाकाळ होता, आणि तरीही विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण अगदी अल्प होते.

हा केवळ प्रवचनांचा प्रभाव होता काय? धर्मन्यायालयांचा धाक होता, हे खरे. दोषी व्यक्तीला पांढरे वस्त्र गुंडाळून चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहावे लागे. परंतु याच काळातील चर्चच्या नोंदवह्या सांगतात की सुमारे पाचपैकी एक वधू विवाहसमयी गर्भवती असे. म्हणजे लग्नाचे वचन पक्के झाल्यानंतर बंधने सैल होत आणि समाज तिकडे काणाडोळा करी. जो संयम टिकला तो दोन आधारांवर टिकला. प्रतीक्षा बहुतेकांच्या वाट्याला सारखी येत होती, आणि तिच्या शेवटी घर मिळण्याची वाजवी खात्री होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे आधार ढासळू लागले. सामाईक जमिनींना कुंपणे पडली. मालकाच्या घरी वर्षभर राहणारा गडी दक्षिण इंग्लंडमधून नाहीसा होऊ लागला व त्याच्या जागी रोजंदारीवरचा मजूर आला. त्याच्याजवळ साठविण्याजोगे काही नव्हते आणि थांबून मिळण्याजोगेही काही नव्हते. थांबण्यात लाभ नाही म्हटल्यावर तो लवकर लग्न करू लागला. विवाहबाह्य जन्मही वाढले आणि गर्भवती वधूंचे प्रमाण शतकाच्या अखेरीस दुपटीच्या घरात गेले. माल्थसने लेखणी उचलली ती या पार्श्वभूमीवर.

माल्थसची भर

१७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या पहिल्या आवृत्तीत लोकसंख्येला आळा घालणाऱ्या गोष्टी दोनच होत्या : दुःख आणि दुराचार. १८०३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने 'नैतिक संयम' हा तिसरा मार्ग घातला. ही भर एका धर्मोपदेशकाची आहे. दयाळू परमेश्वराने मनुष्याला दुःख व पाप यांखेरीज दुसरी वाटच ठेवली नाही, असे मानणे त्याला जड गेले असावे. कामप्रेरणेला तो नीच मानीत नाही. दीर्घ प्रतीक्षेने शुद्ध प्रीती अधिक उत्कट होते, असे तो मानतो. संयम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच बंधनकारक आहे, असेही त्याचे म्हणणे होते. संततिप्रतिबंधाच्या कृत्रिम साधनांना मात्र त्याचा स्पष्ट विरोध होता.

त्याचे आचरण उपदेशाला सोडून नव्हते, हेही सांगितले पाहिजे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा तो १७९३ पासून फेलो होता आणि फेलोने अविवाहित राहावे असा तेथील नियम होता. १८०३ मध्ये लिंकनशरमधील वेल्सबी येथील धर्मोपदेशकाची वृत्ती त्याला मिळाली आणि १८०४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने विवाह केला. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात तो प्राध्यापक झाला. हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या कितीतरी मुलकी अधिकाऱ्यांनी अर्थशास्त्राचे धडे त्याच्याजवळ घेतले.

पण त्याच्या प्रतीक्षेच्या अखेरीस वृत्ती होती, घर होते, प्राध्यापकपद होते. ज्या मजुराला त्याने हाच उपदेश केला त्याच्या प्रतीक्षेच्या अखेरीस काय होते? विवाहाची जाहीर घोषणा झाल्यावर धर्मोपदेशकाने वधूवरांना मुले पोसण्याच्या कर्तव्याची जाणीव करून द्यावी, आणि ठरावीक मुदतीनंतर होणाऱ्या विवाहांतील मुलांना दरिद्री-साहाय्याचा हक्क राहू नये, अशी त्याची योजना होती. म्हणजे संयम ढळल्याचा दंड उपाशी लेकराने भरावयाचा!

ही योजना जशीच्या तशी अमलात आली नाही. परंतु १८३४ च्या दरिद्री कायद्यावर त्याच विचारसरणीची छाया होती. या कायद्याने विवाहबाह्य संततीच्या पोषणाचा भार मातेवर टाकला व पित्याला जवळजवळ मोकळे सोडले. स्त्रियांना जरब बसेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. डोंगरावरील प्रवचनाने जी जबाबदारी पुरुषाच्या नजरेपर्यंत नेऊन भिडविली होती, ती एका ख्रिस्ती राष्ट्राच्या कायद्याने त्याच्या कृतीवरूनही उचलून घेतली. लोकक्षोभानंतर १८४४ मध्ये पित्याविरुद्ध पोटगी मागण्याचा मार्ग मातेला पुन्हा खुला करण्यात आला.

बव्हेरियाचा धडा

कायद्याने प्रतीक्षा लादली की काय होते, याचा दाखला जर्मन प्रदेशांत मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील अनेक राज्यांनी निर्धनांच्या विवाहावर निर्बंध घातले. उपजीविकेचे साधन दाखविल्याखेरीज स्थानिक अधिकारी विवाहाला अनुमती देत नसत. धर्मनिष्ठ कॅथलिक बव्हेरियात परिणाम असा झाला की शतकाच्या मध्याला जन्मणाऱ्या मुलांपैकी सुमारे पाचवा हिस्सा विवाहबाह्य असे. १८६८ मध्ये हे निर्बंध सैल होताच हे प्रमाण झपाट्याने खाली आले. मधल्या काळात माणसांची वासना कमी झाली नव्हती, की प्रवचनांना अधिक धार चढली नव्हती. लग्नाचे दार उघडले, एवढेच घडले. 'बेबंद' म्हणून हिणविली गेलेली कितीतरी जोडपी वस्तुतः विवाहासाठी ताटकळत उभी होती.

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. माल्थसची चिंता मान्य करून त्याचा संयम नाकारणारा नवमाल्थसवाद येथे ज्यांनी निर्भयपणे मांडला ते रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेज या मिशनरी महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. व्यवस्थापनाच्या धर्मविचाराशी त्याचा मेळ बसणे शक्य नव्हते आणि १९२५ मध्ये कर्व्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी हा लढा मरेपर्यंत चालविला. पुढे पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने विवाहितांच्या बाबतीत मर्यादित प्रमाणात कृत्रिम साधने मान्य केली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोपने ती पुन्हा निषिद्ध ठरविली. अविवाहितांविषयीची शिकवण मात्र दोन्हीकडे तशीच राहिली. १९७५ मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या घोषणापत्रात, परिस्थितीमुळे लग्न अडले असल्यास विवाहपूर्व संबंध क्षम्य मानावेत, हा युक्तिवाद विचारात घेऊन स्पष्टपणे फेटाळण्यात आला आहे.

एखादी धर्माज्ञा पाळण्यास अवघड आहे म्हणून ती खोटी ठरत नाही, असा आक्षेप यावर येईल, आणि तो रास्त आहे. दुसऱ्या व्यक्तीला केवळ उपभोग्य वस्तू समजू नये, वासनेला निष्ठेची जोड असावी, हे त्या शिकवणुकीचे सार मानण्यास ख्रिस्ती असण्याचीही आवश्यकता नाही. परंतु संयम हा शून्यातून निर्माण होणारा गुण नव्हे. त्यालाही भांडवल लागते. प्रतीक्षेला शेवट आहे हा विश्वास, आणि नियम सर्वांना सारखा आहे हा अनुभव, हे ते भांडवल होय. ते ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ज्यांच्यापाशी नाही त्यांना संयमाची महती सांगणे सोपे असते.

आज आपल्याकडेही कायम नोकरी आणि स्वतःचे घर यांच्या प्रतीक्षेत तरुण-तरुणींची तिशी उलटते. त्यांच्या वागण्यावर टीका करणारे वडीलधारे थोडे नाहीत. त्या टीकेचा रोख आजही मुलापेक्षा मुलीकडेच अधिक असतो. ज्यांना तरुणांना संयम शिकवावयाचा आहे त्यांनी तो अवश्य शिकवावा. मात्र त्यांची प्रतीक्षा इतकी लांबली का आणि ती आखूड करण्यासाठी आपण काय केले, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधी द्यावयास हवे. पौलाने निदान औषध सांगितले होते. ते महाग करून ठेवणाऱ्यांनी रोग्याला दोष देऊ नये.