निवाडा तराजूपाशीच होतो

दौंडच्या बाजारात माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका बाईला शेंगदाणे देताना तराजूचा काटा स्थिर होण्याआधीच मी पारडं उचललं. अब्बांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत. मूठभर शेंगदाणे कागदात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "पळ, तिला गाठ. नाहीतर कयामतच्या दिवशी हे माझ्या नावावर निघतील." स्टेशनपर्यंत धावलो, तेव्हा ती भेटली.

कयामत म्हटलं की आपल्याला भूकंप, आग, कोसळणारं आकाश आठवतं. आणि गंमत अशी, की त्या आगीत आपण स्वतःला कधी पाहत नाही. तिथे नेहमी दुसराच असतो. धर्मग्रंथांचं बोट मात्र आपल्याच तराजूकडे असतं. कुराणातील ८३ वी सूरह 'मुतफ्फिफीन', म्हणजे मापात मारणारे. घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या माणसांना तिच्यात इशारा आहे. मदयनच्या लोकांना शुऐब पैगंबरांनी हेच बजावलं होतं. त्यांनी ऐकलं नाही आणि त्यांचा नाश झाला.

बायबलमध्येही हेच सापडतं. लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय 'पवित्र व्हा' या हाकेनं सुरू होतो. आता सोवळंओवळं येईल असं वाटतं. पण पुढे मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका, शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी राखा, वजनमापं खरी ठेवा, असं सांगितलेलं आहे. पावित्र्य म्हणजे जगापासून अंग चोरणं नव्हे, जगाशी सरळ वागणं.

या बायबलचं एक मराठी भाषांतर आमच्याच दौंड तालुक्यात, केडगावला झालं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून ते केलं. १९२२ साली त्या वारल्या. त्यानंतर १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या होत्या आणि अन्नान्न झालेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासाठी केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. शब्दांचं भाषांतर पुढे झालं, कृतीचं आधी.

कुराणातील १०७ वी सूरह 'माऊन' फक्त सात आयतींची. निवाड्याचा दिवस खोटा मानणारा कोण? तर अनाथाला ढकलून देणारा, असं ती सांगते. पुढे नमाज पढणाऱ्यांनाही ती सोडत नाही. नमाजाच्या अर्थाविषयी बेफिकीर राहून साधी मदत नाकारणाऱ्यांना ती फटकारते.

ही सूरह मला अवघड जाते. काही वर्षांपूर्वी एका ऊसतोड कुटुंबातला मुलगा संध्याकाळी दारात आला. त्याला वह्या हव्या होत्या. अजान झाली होती, मी घाईत होतो. "उद्या ये," म्हणालो. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या कोपीवर गेलो, तर टोळी दुसऱ्या गावाला गेलेली.

त्या बाईला मी स्टेशनवर गाठू शकलो होतो. या मुलाला गाठता आलं नाही. त्या संध्याकाळची नमाज मी वेळेवर पढलो. पण काटा कुठे थांबला असेल, हे मला ठाऊक आहे.