शस्त्रक्रियेपूर्वींचा आहार

गिरगांव-दादरच्या अनेक घरांत वडील माणसाची शस्त्रक्रिया ठरली, कीं पहिला बदल स्वयंपाकघरांत होतो. दूध कफकारक म्हणून बंद होतें, उसळ पचणार नाहीं म्हणून टळते, आणि इस्पितळांत जाण्याचा दिवस उजाडेपर्यंत तें माणूस पेजेवर राहतें. हेतु मायेचा, परिणाम मात्र उलटा.

शस्त्रक्रिया म्हणजे जाणूनबुजून केलेली जखमच होय. ती भरून येण्यास व जंतूंशीं झुंजण्यास शरीराला प्रथिनें लागतात. अन्नांतून तीं न मिळाल्यास शरीर आपलेच स्नायु मोडून तीं मिळवितें. तरुणाच्या गांठीं ही पुंजी पुष्कळ असते; म्हातारपणीं ती आधींच घटलेली असते.

१९३६ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील शल्यवैद्य हायरम स्टडली यांनीं पोटांतील व्रणाच्या रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांचें वजन शस्त्रक्रियेपूर्वीं पांचव्या हिश्श्याहून अधिक उतरलें होतें, त्यांच्यांत तिघांमागें एक दगावला. इतरांत शेंकडा साडेतीन.

म्हणून सहा महिन्यांत वजन शेंकडा दहाहून अधिक उतरलें असेल, तर शस्त्रक्रिया सात ते चौदा दिवस पुढें ढकलूनही आधीं पोषण सुधारावें, असा आजचा वैद्यकीय संकेत आहे. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून ज्या कर्करोगावर उपचार करीत आलें आहे, त्याच्या शस्त्रक्रियांनाही तो बहुधा लागू पडतो. तातडीची शस्त्रक्रिया मात्र थांबत नाहीं.

पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला अशा वेळीं रोज साठ ते पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनें हवींत. पेजेच्या वाटींत तीं जेमतेम एकदोन ग्रॅम असतात. उलट एका अंड्यांत सुमारें ६, पाव लिटर दुधांत ८, तीस ग्रॅम डाळींत ७ आणि शंभर ग्रॅम मासळींत सुमारें १८ ग्रॅम मिळतात. दांत नसल्यास घट्ट वरण, मऊ अंडें, दही द्यावें. दोन मोठ्या जेवणांऐवजीं थोडें थोडें सहा वेळां द्यावें. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास, किंवा बरेच दिवस अन्न तुटलें असल्यास, प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें. शेवटच्या कांहीं तासांचा उपास तेवढा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें कसोशीनें पाळावा.

शस्त्रक्रियेची गोष्ट निघतांच घरच्यांनीं रुग्णाचें वजन करावें आणि पूर्वींचें वजन आठवून दोन्ही आंकडे डॉक्टरांना सांगावेत. सैल झालेल्या बांगड्या आणि ढिला झालेला सदरा हीही तितकीच बोलकी साक्ष होय.